तीन कोरी वर्षं

माझ्या ताईला लोक वेलबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, कारण ताई एकसष्ट वर्षांची असली आणि गुडघ्यांनी तिचा छळ मांडला असला, तरी तिच्या कमरेला कायम एक वाकडी करवत लटकलेली असते आणि तिची जीभ त्या करवतीहून धारदार आहे. पण टपालवाला, बसचा कंडक्टर, उताराखालचे बागवाले, सगळे आपसात तिला वेलबाईच म्हणतात. मला हे नाव मुळीच आवडत नाही. ज्या गोष्टीनं माणसाचं आयुष्य गिळलं तिचंच नाव त्या माणसाला चिकटवायचं, ही कसली रीत? ताईला तसं म्हटलं तर म्हणते, "चिकटू दे की. चिकटलेलं सोडवायचं कसं ते माझ्याइतकं कुणाला कळत नाही." आणि पुन्हा कामाला लागते.

वेल कोणती, ते आधी सांगतो. एका देठाला तीन पानं, प्रत्येक पान तळहाताएवढं, दांडीवर बारीक लव. फुलं जांभळी, आणि त्यांना पिकलेल्या द्राक्षांचा वास. दिसायला इतकी देखणी की नवखा माणूस तिच्याखाली उभा राहून फोटो काढून घेतो. उन्हाळ्यात ती एका दिवसात वीतभर वाढते. मी तिखटमीठ लावून सांगत नाही. लहानपणी मी पट्टी लावून मोजलेलं आहे. झाडावर चढली की झाडाला ऊन दिसू देत नाही, आणि दोन-तीन वर्षांत झाड उभ्या उभ्या मरतं. खांबावर चढते, विजेच्या तारेवर चढते, आठवडाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरवर चढते. आमच्या रस्त्यापलीकडे एक घर होतं. म्हणजे अजूनही आहे, पण ते आता नुसतं हिरवं टेकाड दिसतं आणि धुराडं कुठं असेल ते अंदाजानं सांगावं लागतं.

आमच्या जमिनीत ही अवदसा आणली कुणी? आमच्या बाबांनी. तेव्हा उतार ढासळत होता, प्रत्येक पावसात माती वाहून जायची, म्हणून सरकारी खात्यानं घरोघरी रोपं वाटली. या वेलीची मुळं माती घट्ट धरून ठेवतील, असं साहेब लोकांनी सांगितलं. इतरांनी दहा-वीस रोपं लावली आणि उरलेली ओढ्याकाठी फेकली. बाबा पडले कामाला चोख. त्यांनी एकूण एक रोप लावलं, त्यांना आळी केली, घागरीनं पाणी घातलं. खात्यानं त्यांना प्रशस्तिपत्रक दिलं. "माती मात्र धरली हो," असं बाबा शेवटपर्यंत म्हणायचे. धरली, नाही कोण म्हणतो? मातीबरोबर ताईलाही धरलं. ते प्रशस्तिपत्रक अजून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, धुरानं पिवळं पडलेलं, आणि ताई ते काढू देत नाही.

आई मी सातवीत असताना गेली. मला एकोणिसाव्या वर्षी शहरात वजनकाट्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी निघालो. ताई तेव्हा तेवीस वर्षांची. ती आणि तिची मैत्रीण मिळून खालच्या मोठ्या गावात शिवणकामाचं दुकान काढणार होत्या. दोघींची दोन यंत्रं घेऊन झाली होती, पाटीचा रंग कोणता यावरून भांडूनही झालं होतं. त्याच वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांच्याकडे बघायला माणूस हवं होतं, म्हणून ताई राहिली. बाबा नऊ वर्षं अंथरुणावर होते. तेवढ्यात वेल विहिरीपर्यंत आली, मग गोठ्यापर्यंत आली, आणि बाबा गेले त्या आठवड्यात तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरली. ताई सांगते, "बाहेर माणसं भेटायला बसली होती आणि मी आत कपाटामागून वेल ओढून काढत होते." मैत्रिणीनं दुकान एकटीनं काढलं. ते चांगलं चाललं. आमच्या घरात तिला शिंपीण असंच म्हणतात. दुसरं यंत्र तिनं कुणाला विकलं नाही की वापरायला दिलं नाही.

मग बाबा गेल्यावर ताईनं निघून का नाही जायचं? हा प्रश्न मला शहरातल्या प्रत्येक माणसानं विचारला आहे, माझ्या बायकोसकट. विचारणाऱ्यांनी एकदा आमच्या अंगणातून खाली बघावं. उताराखाली अकरा जणांच्या फळबागा आहेत. ताईनं एक हंगाम हात आवरला की वेल ओढा ओलांडणार आणि मग त्या बागांचं काही खरं नाही. रस्त्यापलीकडच्या घराचा मालक असाच एका सकाळी निघून गेला होता. त्याच्याकडची वेल रस्त्यावर थोपवण्यात ताईची चार वर्षं गेली, आणि अजूनही तो पट्टा तिलाच राखावा लागतो. त्या माणसाला ती आजही शिव्या घालते. "कुलूप लावून गेला मेला! वेल काय किल्ली मागणार होती?"

या कामाची तऱ्हा मला चांगली ठाऊक आहे. सुट्टीत गेलो की मीही करायचो, आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसायचो. वेलीला वरून कितीही कापा, तिला त्याचं काही वाटत नाही. तिचा एकेक दोर हातात धरून मागं मागं जायचं आणि तो जमिनीत कुठं शिरतो ते शोधायचं. तिथं मातीखाली चार बोटांवर एक गड्डा असतो. वेलीचा सगळा जीव त्या गड्ड्यात. त्याच्याखाली करवत घालून तो कापायचा आणि उचलून बाहेर काढायचा. खालचं मूळ मांडीएवढं जाड असलं तरी मग ते जागच्या जागी कुजतं. पण गड्ड्याचा तुकडा मातीत राहिला, किंवा कापलेला दोर ओल्या जमिनीवर पडला, तर पेरापेराला मुळं फुटून एकाचे दहा होतात. म्हणून कापलेलं काहीही जमिनीला टेकवायचं नाही. घरामागं ताईनं लांबलचक टांगणी केली आहे; दोन खांब आणि मधे लोखंडी नळ. त्यावर दोर वाळत टांगायचे. किती दिवस, तर दोन उन्हाळे. एका उन्हाळ्यात दोर वरून खडखडीत वाळतो, पण आत जीव धरून असतो. दोन उन्हाळे झाले की खरा मेला. मग त्यानं गवत बांधा, कुंपण बांधा, टोपल्या विणा. टांगणीच्या डाव्या अंगाला यंदाचे, उजव्या अंगाला जुने. हे आमच्या घरात दात घासण्याइतकं अंगवळणी पडलेलं आहे.

जिथून गड्डा निघाला तिथं ताई पांढरी खुंटी ठोकते. अशा चारशे बारा खुंट्या झाल्या. खुंटी ठोकली म्हणजे काम संपलं असं नाही; कुठून काय फुटतंय ते बघायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. तिनं जमिनीचे सहा पट्टे पाडले. सोमवार ते शनिवार एकेक पट्टा, रविवारी कुंपण आणि रस्ता. ताप असो, पाऊस असो, फेरी चुकायची नाही. याचा हिशेब साधा आहे: ताईला बाहेरगावी सलग तीन रात्री कधी राहता आलं नाही. माझ्या लग्नाला ती दीड दिवस होती. माझी मुलगी झाली तेव्हा आली, पाळण्याशी बसली, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळाकडे बघायला लागली. एकदा आमच्या फ्लॅटमध्ये बायको अंघोळीला गेली असताना ताईनं बाल्कनीतली फुलांची वेल मुळापासून छाटली आणि दोर कपडे वाळत घालायच्या तारेवर नीट टांगून ठेवले. बायकोनं ती पाच वर्षं जपली होती. "हात गेला गं," ताई म्हणाली, आणि ओशाळून दिवसभर बाल्कनीकडे फिरकली नाही. मला हसू आवरेना. बायकोनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, जसं काही मीच छाटली होती.

त्या घरात मला कोंडल्यासारखं व्हायचं, हे मी कबूल करतो. स्वयंपाकघराची खिडकी तिनं खिळे ठोकून बंद केली आहे, त्यामुळं तिथं दुपारीही दिवा लागतो. दारात पाण्याचा टब आणि ब्रश. जमिनीबाहेर जाताना बुटांचे तळवे घासायचे, खिसे उलटे करायचे. बसायच्या खोलीत एकच खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवलेली, आणि त्या खिडकीतून दिसतो तो पहिला पट्टा. ताई जेवतानाही तिथंच बसून जेवते. घास तोंडाकडे जाता जाता थांबतो, डोळे बारीक होतात, आणि मग कळतं की ते नुसतं गवत होतं. मी दुसऱ्या दिवशीच काहीतरी कारण काढून गाडीची वेळ विचारायचो. ती ओळखायची आणि हसायची. मला राग यायचा तो माझा स्वतःचाच.

अकरा वर्षांपूर्वी खात्याला उपरती झाली. ज्या खात्यानं रोपं वाटली त्याच खात्यानं नवा नियम काढला: ज्या जमिनीवर लागोपाठ तीन वर्षं एकही फुटवा दिसणार नाही, ती खातं ताब्यात घेईल, तिथं देशी झाडं लावील, आणि तिथला राखणदार मोकळा होईल. राखणदार म्हणजे जागेवर मुक्काम करून वेल काढणारं माणूस. वर्षातून एकदा तपासनीस येणार, सगळी जमीन पायाखाली घालणार, आणि फुटवा नसेल तर वहीत 'कोरं' असं लिहिणार. एक फुटवा दिसला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. पहिली आठ वर्षं ताईच्या नशिबी 'कोरं' आलंच नाही. मग एक वर्ष कोरं गेलं. दुसरंही गेलं. ताई फोनवर एरवी दोन वाक्यांत आटपते. दुसऱ्या वर्षी ती माझ्याशी अर्धा तास बोलली, आणि त्यातला निम्मा वेळ पडद्यांबद्दल.

पडदे होते शिंपिणीच्या माडीवरच्या खोलीचे. दुकानावर एक खोली होती, तिला रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. शिंपिणीनं ती ताईसाठी रंगवून घेतली, पलंग टाकला, कापडाचे तीन नमुने टपालानं पाठवले. ताईनं पिवळा निवडला. "हिरवा सोडून काहीही चालेल," असं तिनं उलट टपाली कळवलं होतं. शिंपिणीची भाची तिथं राहायला यायचं म्हणत होती, पण तिला त्या महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं होतं. तिसरी तपासणी त्या आधी होती. ताईनं दोन बॅगा भरल्या आणि मला फोन केला, "बॅगा उचलायला ये. एवढं तरी कर." मी आनंदानं गेलो. मला मुदतीआधी निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. शहरात माझं काम काय, तर सकाळी बागेला पाच फेऱ्या आणि बायको ऑफिसातून येईपर्यंत झोप.

तपासनीस सकाळी नऊला आले. बुटका, घामाघूम होणारा, फार सभ्य माणूस. दर दहा पावलांवर चष्मा पुसायची त्यांना सवय. ताईनं ठेवणीतले कपडे घातले होते आणि त्यावर करवत लटकवली होती. मी म्हटलं, "आज तरी ती काढून ठेव." म्हणाली, "नागडं वाटतं रे." आम्ही निघालो. तपासनीस एकेक खुंटी बघायचे, वाकायचे, वहीत टिंब द्यायचे. पहिला पट्टा, दुसरा पट्टा. चौथ्या पट्ट्यावर तिनं माझा दंड धरला. मला वाटलं गुडघा दुखतोय. पण सहावा पट्टा संपेपर्यंत तिनं तो सोडला नाही. सहावा पट्टा संपला तेव्हा एक वाजला होता. चारशे बारा टिंबं झाली. तपासनीस म्हणाले, "आता कुंपण बघून टाकू आणि सही करू. बाई, तुम्ही सुटलात बहुतेक."

मला ते आधी दिसलं. रस्त्याकडच्या कोपऱ्यातल्या खांबापाशी चर आहे, तिथं गवत दाट आहे. त्या गवतात बोटभर दांडी, आणि तिला तीन कोवळी पानं. तपासनीस पुढं निघून गेले होते, चष्मा पुसत. मी काय करावं? मी सरळ पुढं झालो आणि त्यावर बूट ठेवला. अगदी सहज, खांबाला टेकून दम खातोय असा.

ताई मागून आली. तिनं आधी माझ्या बुटाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"पाय काढ."

"ताई, जाऊ दे ना," मी दबक्या आवाजात म्हणालो. "तीन पानं आहेत. संध्याकाळी मी खणून टाकतो. कुणाला कळणार आहे?"

"वर तीन आहेत. खाली किती आहे ते माहीत आहे तुला?"

"नाही, पण..."

"मलाही नाही माहीत. उद्या मी नाही, तू नाहीस, खात्याची माणसं यायला आणखी वर्ष. खाली बागा आहेत, दिसतायत ना? पाय काढ म्हणते ना!"

मी काढला नाही. त्या क्षणी मी स्वतःला फार शूर समजत होतो. ताईनं माझा नाद सोडला आणि हाक मारली, "अहो साहेब, जरा मागं या."

तपासनीस आले. ताई गुडघे टेकून खाली बसली. गुडघे कडकड वाजले. तिनं खुरप्यानं माती सारली, दांडीच्या मागं मागं बोटं घातली. गड्डा नव्हताच. दांडी मातीखालून खांबाकडे गेली, आणि तिथं एका दोरीत जाऊन मिळाली. ती दोरी म्हणजे वेलीचाच दोर होता. कुंपणाची सुटलेली तार खांबाला आवळायला तो कुणीतरी वापरला होता, आणि त्याचं उरलेलं टोक तसंच चरातल्या चिखलात लोंबत सोडलं होतं. प्रत्येक पेराला पांढरी मुळं फुटली होती.

गाठ डावखुरी होती. आमच्या घरात डावखुरा मी एकटाच. चार महिन्यांपूर्वी मी दोन दिवसांसाठी आलो होतो, तेव्हा ताई म्हणाली होती की कोपऱ्यातली तार सुटली आहे. मी म्हटलं, बस तू, मी बघतो. आमच्या जमिनीत काही फुटत नसलं, तरी रस्त्यापलीकडे कापलेले दोर टांगणीवर होतेच; त्यातला एक छान लवचीक दोर ओढून घेतला. जुने दोर ताठ असतात, हाताला टोचतात. हा कसा मऊ होता, हवा तसा वळत होता. मऊ का होता, याचा मी विचार केला नाही. डावीकडून घेतला की उजवीकडून, हेही मला आठवत नव्हतं. आता मात्र लख्ख आठवलं. ताईनं नंतर दर रविवारी ते कुंपण बघितलं होतं, पण ती गाठ मी मारलेली होती, म्हणून तिच्याकडे तिनं निरखून बघितलं नव्हतं. आमच्या घरातल्या माणसाकडून ही चूक होईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"एकाच उन्हाळ्याचा दोर आहे हा," तपासनीस टोक हातात घेऊन म्हणाले. "बाई, तुमच्या हातून?"

ताईनं गाठीकडे बघितलं. अंगठा फिरवला तिच्यावरून. मग करवतीनं गाठीच्या खाली-वर दोर कापला आणि गाठ आपल्या खिशात टाकली.

"माझ्या जमिनीत दुसरं कोण बांधणार?" ती म्हणाली.

मी खाली बघत होतो. तपासनिसांनी पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं, चष्मा पुसला. "मला हे दिसलंच नव्हतं," ते पुटपुटले. "तुम्ही हाक मारली नसती तर..."

"पण मारली. लिहा तुम्ही."

त्यांनी शून्य लिहिलं. मी बघितलं तर त्या माणसाचे डोळे भरून आले होते. वही मिटता मिटता ते थांबले. "बाई, नियमात एक सोय आहे. राखणदार बदलता येतो. रक्ताचं माणूस हवं आणि त्यानं इथं मुक्कामाला राहायला हवं. वर्षं पहिल्यापासूनच मोजावी लागतील, त्याला इलाज नाही. पण मग तुम्हाला जायला हरकत नाही, अगदी आजसुद्धा. फॉर्म माझ्या पिशवीत आहे. घरातलं आहे का दुसरं कोणी?"

ताई खाली बसूनच होती. ती खुरप्याला चिकटलेली माती काडीनं काढायला लागली. मी उताराकडे बघत राहिलो. मनात काय काय आलं ते लिहितो, लाज सोडून लिहितो. बायको काय म्हणेल. तिची नोकरी अजून चार वर्षं आहे. माझ्या दाताचं काम अर्धवट आहे. रक्तदाबाच्या गोळ्या इथं मिळतील का. खिळे ठोकलेली ती खिडकी, दुपारचा तो दिवा, ती एकच खुर्ची. तीन वर्षं, आणि तीही सगळी कोरी गेली तर. चरापलीकडे एक गाय चरत होती, ती मी फार मन लावून बघितली.

"नाही," ताई म्हणाली. "दुसरं कोणी नाही."

आणि मला हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं. आधी हायसंच वाटलं, अंगावरचं ओझं उतरवून ठेवल्यासारखं. तपासनिसांनी मान हलवली, ताईला हात देऊन उठवलं, आणि पुढच्या वर्षीची तारीख देऊन ते गेले. आम्ही दोघांनी मिळून तो सगळा दोर मुळांसकट काढला, टांगणीवर डाव्या अंगाला टांगला. कोपऱ्यातल्या खांबापाशी ताईनं नवी खुंटी ठोकली. चारशे तेरावी.

घरात येऊन तिनं हात धुतले आणि शिंपिणीला फोन लावला. मी दारात उभा होतो. "नाही जमत गं," ताई म्हणाली. "हो. शून्य... आणखी तीन. म्हणजे चौसष्ट... नाही, तू थांबू नकोस. भाचीला दे खोली. पडदे राहू देत तिला... अगं रडतेस काय? मी मेले का?" मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. फोन ठेवून तिनं पहिली बॅग उघडली आणि एकेक कपडा काढून कपाटात ठेवायला लागली. घड्या मोडल्या नव्हत्या तरी ती प्रत्येक घडी उलगडून पुन्हा घालत होती.

मला तिथं उभं राहवेना. काहीतरी बोलून मोकळं व्हावं असं वाटत होतं, आणि खरं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी तिच्यावरच घसरलो. माझा हा स्वभाव जुना आहे. "ताई, तू परस्पर 'कोणी नाही' असं कसं सांगितलंस? मी तिथं उभा होतो ना? मला विचारायचं तरी एकदा."

तिनं वळून बघितलं नाही. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"विचारलं होतं की रे. साहेबांनी तुझ्याकडेच बघून विचारलं. मी आपली खुरप्याची माती काढत बसले. दोनदा काढली. पहिल्यांदाच सगळी निघाली होती."

मी म्हणालो, "अगं, मला वाटलं..." तिनं दुसरी बॅग उघडली. त्यातून नवे बूट निघाले, शहरातल्या फरशीवर घालायचे, अजून कागदात गुंडाळलेले. ते तिनं कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर मागं सरकवले.

"चारची गाडी आहे तुझी," ती म्हणाली. "मग सातपर्यंत नाही."

मी माझी पिशवी उचलली. चारच्या गाडीला त्या दिवशी गर्दी नव्हती. मला खिडकीजवळ जागा मिळाली.